नईमचा काटेधोतरा

माघ उतरणीला लागला की आमच्याकडे बांधाबांधावर काटेधोतरा फुलतो. डोळ्यांना दिसायच्या आधी ते माझ्या तळपायांना कळतं. तळपाय हुळहुळायला लागतात आणि घरात फरशीवर बसलेली असले तरी मी पाय साडीच्या आत ओढून घेते. बघणारं कुणी नसतं. तरी ओढून घेते.

तसं त्या झाडात कौतुक करावं असं काही नाही. गुरं तोंड लावत नाहीत, शेळीसुद्धा वळसा घालून जाते. पानाला काटा, देठाला काटा, बोंडाला काटा. पानावर पांढऱ्या शिरा, कुणी काडीनं चुना ओढल्यासारख्या. कळीला तीन शिंगं. आणि एवढ्या सगळ्या काट्यांच्या वर ते पिवळं फूल, इतकं पातळ की बोटांच्या घामानंच चुरगळतं. मधोमध तांबडा ठिपका. उन्हं कलली की पाकळ्या गळतात. देठ मोडला की हळदीच्या पाण्यासारखं पिवळं दूध येतं, आणि ते बोटांवर वाळलं की दोन दिवस जात नाही.

आमच्या माणदेशात पांढरा धोतरा ओढ्याकाठी एखादाच, त्याच्यावर पुजाऱ्याचा हक्क. बाकी सगळ्या वाडीचा महादेव काटेधोतऱ्यावर खूश. महाशिवरात्रीच्या फुलांसाठी आम्ही पोरी माळावर जायचो. देवाचं फूल पायात चपला घालून तोडायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. आई म्हणायची, "देवाला टोचू नये वाटतं ना, मग आधी आपल्याला टोचू द्यावं." तोडायचीही रीत होती. वरून हात घालायचा नाही. पाकळ्यांच्या अगदी बुडाशी, जिथं काटा विरळ असतो, तिथं दोन नखांचा चिमटा घ्यायचा आणि श्वास रोखून फूल ओढायचं. चौथीनंतर माझी शाळा सुटली, पण ही रीत सुटली नाही. सुटली असती तर बरं झालं असतं, असं पुढं एकदा वाटलं.

नव्वदनंतरची काही वर्षं आम्ही बहारीनला होतो. हे तिथल्या हिद्द गावात वेल्डिंगच्या कामावर फोरमन होते. पहाटे कंपनीची बस न्यायची, अंधार पडता आणून सोडायची. आमची खोली नईम नावाच्या वस्तीत, जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघर हलिमाबीच्या आणि आमच्यात सामाईक. हलिमाबी रत्नागिरीकडची. तिचा नवरा बाजारात कापडाच्या दुकानात होता आणि ती आमच्याआधी कितीतरी वर्षं तिथं असल्यामुळं तिला कामापुरतं अरबी यायचं. मला काहीच यायचं नाही. कोल्ड स्टोअर म्हणजे तिथलं किराण्याचं दुकान; तिथल्या मल्याळी माणसाला मी साखरसुद्धा बोट दाखवून मागायची. घराबाहेर माझा आवाज असा मला ऐकूच यायचा नाही.

सोनाली आमची एकुलती एक. तिसरीत होती, इंग्रजी शाळेत. मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि त्या दोहोंच्या मधल्या जागेत आम्ही दोघी जेवायचो. तिला माझं सगळं कळायचं. मला तिचं निम्मं कळायचं आणि उरलेलं मी तोंडावरून वाचायची.

त्या वर्षी थंडीत तिथं चांगला पाऊस झाला. आमच्या खिडकीखाली एका पडक्या घराची मोकळी जागा होती. तिच्यात पाणी साचलं, आटलं, आणि काही दिवसांनी त्या भुरकट मातीतून हिरवं वर आलं. मी रोज भांडी घासून झाली की खिडकीत उभी राहून बघायची. एके दिवशी त्या हिरव्यात पिवळं दिसलं. मी कुणाला सांगितलं नाही. सांगून हसं करून घ्यायचं कशाला?

त्याच आठवड्यात सोनाली शाळेतून आली आणि दप्तर टाकून म्हणाली, "वाईल्ड प्लँट पाहिजे. बहारीनमध्ये आपोआप उगवलेलं. नेम पण पाहिजे. अँड मम्मी ऑर डॅडी मस्ट कम टू स्कूल."

"पप्पांना सांग."

"पप्पांना शिफ्ट असते." शाळेत आजवर हेच जायचे, नाहीतर कुणीच नाही.

मी तिला खिडकीशी नेलं. "ते पिवळं बघ. त्याचं नाव मला येतं."

"यू नो?"

"काटेधोतरा."

तिनं एकदा खाली बघितलं आणि एकदा माझ्याकडे. त्या नजरेनं तिनं माझ्याकडे त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मग म्हणाली, "आई, मग तूच येशील? निळी साडी नेस. अँड डोन्ट टॉक टू मच." मी आणि जास्त बोलणार! मला हसू आलं. पण पेटीतली निळी साडी मी त्याच दिवशी काढून घडीवर हात फिरवून ठेवली.

रात्री हे जेवताना म्हणाले, "हितं कुठला आलाय काटेधोतरा? खारी जमीन ही."

"पान बघा की, चुन्यानं शिरा ओढल्यागत आहे."

"दुसऱ्या मजल्यावरनं शिरा दिसत्यात तुला! दिवाळीत सुईत दोरा मला ओवायला लावलास." सोनाली खुदकन हसली. "मोडून बघ. पिवळं दूध आलं तर तुझा, न्हायतर अरबाचा."

तो रमजानचा महिना होता आणि त्याच महिन्यात महाशिवरात्र आली होती. रमजानमधली तिथली दुपार म्हणजे सगळी गल्ली पाठ फिरवून झोपल्यासारखी. दुकानांची शटरं खाली, कुठं भांड्याचा आवाज नाही. महाशिवरात्रीच्या आदल्या दुपारी सोनाली शाळेतून आल्या आल्या, गणवेषातच, आम्ही दोघी खाली उतरलो. शाळेचं झाड काढायचं होतं आणि भिंतीवरच्या आमच्या महादेवाच्या तसबिरीला फुलंही. मी पडक्या भिंतीशी चपला काढल्या.

"आई, व्हॉट आर यू डूइंग? देअर इज ग्लास."

"देवाचं पण घ्यायचंय. बघून पाय टाकते. तू इथंच थांब, चपलांपाशी."

मी आत गेले. माती ऊन होती. पाय पडेल तिथं टोचत होतं आणि मला आत कुठंतरी बरं वाटत होतं. जवळ जाऊन वाकले. चुन्याच्या शिरा होत्या. कळीला तीन शिंगं होती. फुलात तांबडा ठिपका होता. तरी मन धजेना, ह्यांचं बोलणं कानात होतं. मी देठ धरून मोडला. आधी काहीच आलं नाही. मग मोडल्या जागी पिवळा थेंब फुगला आणि अंगठ्यावर ओघळला.

"सोनाली, आपलाच आहे गं!" मी ओरडले. त्या देशात मी मोठ्यानं बोललेलं ते पहिलं वाक्य. त्या झोपलेल्या गल्लीत ते केवढं वाजलं असेल! त्याच भरात हाताला कचकन काटा लागला आणि मी बोट तोंडात घातलं.

माझ्या ओरडण्यानं शेजारच्या घराचा दरवाजा उघडला. काळ्या पायघोळ अबायातली एक म्हातारी बाहेर आली. तिला काय दिसलं असेल ते मला आता नीट समजतं. पाय उघडे, केस सुटलेले, एका मुठीत रानपाला, दुसरा हात तोंडात. ही बाई तो पाला खाते आहे, असंच तिला वाटलं.

"ला! ला! ला!" असं हात हलवून नको-नको करत ती त्या काटेरी रानातून माझ्याकडे आली. माझ्या हातावर फटका मारून तिनं पाला पाडला. देठाचं पिवळं दूध बोटानं दाखवलं, पोटावर हात ठेवला, पाय सुजतात असं हातानं दाखवलं, डोळे मिटून मान टाकली. विष आहे, मरशील. तिलाही ते झाड ठाऊक होतं! मी जोरजोरात मान हलवली, मला माहीत आहे, माहीत आहे. तिला वाटलं, मी नुसतीच घाबरले आहे.

मग तिची नजर माझ्या पायांवर गेली. "मिस्कीना," ती म्हणाली. अगदी हळू. "मिस्कीना." आणि भिंतीला हात टेकून तिनं आपल्या पायातल्या चपला काढल्या. काळ्या चामड्याच्या, वापरून मऊ झालेल्या. त्या माझ्या पायांपुढं ठेवल्या आणि स्वतः त्या काट्यांत अनवाणी उभी राहिली. घरातल्या कुणालातरी हाक मारून तिनं खुबूसच्या रोट्या आणि खजूर मागवले आणि पिशवी माझ्या हातात कोंबली.

मी सोनालीकडे बघितलं. ती भिंतीशी उभी होती, माझ्या चपलांपाशीच. नेमकी तेव्हाच कोपऱ्यावर शाळेची दुसरी, मागून येणारी बस थांबली आणि तिच्या वर्गातल्या दोन मुली उतरल्या. सोनालीनं भिंतीकडे तोंड केलं. एक पाऊल सरकली आणि माझ्या चपला तिच्याआड झाकल्या गेल्या. मुद्दाम की उगाच, मला आजवर ठाऊक नाही. ती चपलांकडे बोट दाखवू शकली असती. पण मी तरी कुठं दाखवलं? मी म्हातारीसमोर हात जोडले. झालं. हात जोडल्यावर तर मी पुरतीच भिकारीण दिसले असेन.

म्हातारी हलेना, म्हणून मी त्या चपलांत पाय घातले. त्या अजून गरम होत्या. दुसऱ्याच्या अंगाची ती ऊब माझ्या तळपायातून वर चढत कानांपर्यंत आली.

परतताना सोनाली पुढं पुढं चालली. मी माझ्या चपला पदराखाली धरून मागून. "काय म्हणाली गं ती?" शाळेत तिला अरबी शिकवायचे.

"नथिंग."

स्वयंपाकघरात हलिमाबी इफ्तारीची भजी तळत होती. "काय झाला गो? तोंड असा का केलंस?" मी सांगितलं. ती झारा हातात घेऊन इतकी हसली की तिचा श्वास अडकला. मग माझ्याकडे बघितलं आणि हसू थांबवलं. "मिस्कीना म्हंजे गरीब, बिचारी. रमजानचा महिना गो. तिला वाटला असेल, अल्लानंच दारात धाडलीन."

बिचारी. मी नळाखाली हात धरले. पिवळे डाग काही जाईनात.

संध्याकाळी ह्यांनी दारातल्या चपला बघितल्या. सगळं ऐकून घेतलं आणि उभ्या उभ्याच बोलले, "माझी बायको अनवाणी फिरती, पाला खाती, असं गल्लीत झालं म्हण की. पंचवीस माणसं हाताखाली हायेत माझ्या." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं होतं. "उद्याच्या उद्या परत देऊन ये."

सोनाली गादीवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती तिकडूनच म्हणाली, "पप्पा, तुम्ही चला शाळेत."

मी तिच्या पाठीशी बसले. "चपला परत दिल्या तर नेशील मला?"

तिनं चादर डोक्यावर ओढली. "फर्स्ट गिव्ह इट बॅक."

दुसऱ्या दिवशी मला महाशिवरात्रीचा उपास, हलिमाबीला रोजा. अशा आम्ही दोघी उपाशी बाया उन्हं कलल्यावर निघालो. मी माझ्या चांगल्यातल्या चपला घातल्या होत्या, त्या दिसाव्यात म्हणून साडी जरा वर खोचली होती. म्हातारीच्या चपला कागदात गुंडाळलेल्या, आणि वर ताटलीत गुळातली रताळी. जिन्यावरून उतरताना हलिमाबी पढवत होती, "तू बोलूच नको. मी सांगते तिला, हिचा मरद फोरमन हाय, घरात खायला भरपूर हाय, ही आपल्या देवासाठी पाय उघडे ठेवते. तू फक्त चपला दे नि हस."

दार म्हातारीनंच उघडलं. तिच्या पायात कुणाच्यातरी प्लॅस्टिकच्या चपला होत्या, न्हाणीघरात घालतात तसल्या, टाचा बाहेर आलेल्या. मला बघून ती हसली. तोंडात पुढचे दोन दात नव्हते. मग तिची नजर पुडक्यावर आली. कागद एका कोपऱ्याला फाटून चपलेचा अंगठा बाहेर डोकावत होता. तिथून नजर माझ्या पायांवर गेली.

हलिमाबी अजून एक शब्द बोलली नव्हती. पण म्हातारीचं हसू जागच्या जागी मिटलं. तिनं अबायाची कड तोंडावर ओढली आणि खाली बघितलं. मान आपसूक वाकली, एक पाय दुसऱ्याच्या मागं गेला. दिलेलं परत येत होतं, तेही शेजारणीला साक्षीला घेऊन. लाज ओळखायला मला देठ मोडून दूध बघावं लागत नाही. पान लांबून दिसलं तरी पुरतं.

काय सुचलं ते मला सांगता येणार नाही. ताटली मी हलिमाबीकडे दिली, कागद सोडला, माझ्या चपला काढल्या आणि त्या उंबऱ्याशी उभी राहून म्हातारीच्या चपला पायात घातल्या.

"हे काय गो?" हलिमाबी पुटपुटली.

"सांग तिला, माझ्या चपला टोचतात. ह्या मऊ आहेत. हेच सांगायला आले, आणि रताळी द्यायला."

"नि फोरमन?"

"राहू दे फोरमन."

हलिमाबीनं माझ्याकडे असं बघितलं की रोजा नसता तर शिवीच दिली असती. मग ती अरबीत बोलली. म्हातारी ऐकत होती हलिमाबीचं, पण बघत होती माझ्या डोळ्यांत. तिला खोटं कळलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिनं ताटली घेतली, आणि मोकळा हात माझ्या डोक्यावर ठेवून काहीतरी म्हणाली.

"दुवा दिलीन," परतताना हलिमाबी म्हणाली. "तुझ्या पोरांना. पण तू काय केलंस गो हे? घरी काय सांगशील?"

घरी काही सांगावंच लागलं नाही. सोनाली दारात उभी होती. तिनं माझ्या पायांकडे बघितलं, माझ्या हातातल्या माझ्याच चपलांकडे बघितलं आणि आत निघून गेली. ह्यांनी शाळेत जायला दुसऱ्या दिवसाची शिफ्ट बदलून घेतली.

ते झाड पहाटे खाली जाऊन मीच उपटून आणलं होतं, मीच डब्यात लावलं, तिला टोचू नये म्हणून देठांना वर्तमानपत्र गुंडाळलं. खिडकीतून त्या दोघांना जाताना बघितलं. निळी साडी पेटीत गेली. दुपारी ती आली तेव्हा जरा खुलली होती. "टीचरकडे बुक होतं. हे झाड इथलं नाहीच. इट इज फ्रॉम मेक्सिको. नॉट फ्रॉम इंडिया ऑल्सो."

हे हसले. "बघ, तुझा बी न्हाय, अरबाचा बी न्हाय."

आणि मी गल्लीभर ओरडले होते, आपलाच आहे म्हणून! पुन्हा कान तापले. "टीचरनं विचारलं का, मम्मी का नाही आली?" मी विचारलं. सोनालीनं बुटाची नाडी सोडत सांगितलं, "फीवर आहे म्हटलं." मग खरंच मी त्या संध्याकाळी पांघरूण घेऊन पडून राहिले. तापाच्या माणसानं पडावं तशी.

कधी वाटतं, एका परक्या म्हातारीची मान वर राहावी म्हणून मी माझ्या लेकीची खाली घातली. कोण होती ती माझी? नावही ठाऊक नाही. त्या चपला मी झिजेपर्यंत वापरल्या. सोनाली बरोबर असली की मात्र माझ्या घालायची. एवढी अक्कल मला आली होती. पण शाळेत चल, असं ती पुन्हा म्हणाली नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या बोलण्यात ते झाड कधी निघालंच नाही. पुढं आम्ही गावी परतलो, ती शिकली, लग्न करून परदेशी गेली.

यंदा ती नेमकी माघात आली. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी परडी घेऊन निघाले तर म्हणाली, "थांब, मी येते." रस्त्याकडेच्या बांधावर काटेधोतरा असा फुलला होता की हिरवं दिसत नव्हतं. माझे तळपाय हुळहुळले. ती बरोबर आहे म्हणून मी चपला घालूनच बांधावर पाय टाकला. म्हटलं, देव समजून घेईल.

"आई, चपला?" ती मागून म्हणाली.

"राहू देत गं. रस्ता आहे. लोक बघतात."

"काढ."

मी काढल्या आणि वाकून फुलं तोडायला लागले. बुडाशी चिमटा, श्वास रोखून. लांबून एसटी येत होती. सवयीनं मी मान वळवून बघितलं, ही कुठं उभी आहे.

ती रस्त्याच्या कडेला, अगदी पुढं येऊन उभी होती. पायात तिचे ते पांढरे बूट. माझ्या चपला तिनं दोन्ही हातांत धरल्या होत्या, छातीशी, तळ आत आणि पट्टे बाहेर, सगळ्या एसटीला दिसतील अशा. चेहरा लाल झाला होता. एसटी धूळ उडवत गेली, खिडकीतली माणसं वळून वळून बघत होती, तरी तिनं हात खाली घेतले नाहीत.

"लवकर तोड ना आई," ती म्हणाली, मराठीत. "दुसरी येईल आता."